ज्येष्ठांच्या संकुलात घर : आधी भाड्याने राहा

प्रश्न : माझं वय 71, पत्नीचं 67. नाशिकला तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. मुलगा कॅनडात. पुण्याजवळ फक्त ज्येष्ठांसाठी असलेल्या संकुलात वन बीएचके पाहिला आहे. मासिक सेवाशुल्क 18,000 रुपये, जेवण वेगळं. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत माझे 30 लाख आहेत. नाशिकचं घर विकून तिकडे जावं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : जायला हरकत नाही, पण घर विकू नका. निदान वर्षभर तरी नकोच.

अशा ठिकाणी गेल्यावर गुडघ्यांची जिन्यापासून सुटका होते. नळ गळला, दिवा गेला तर माणूस शोधत बसावं लागत नाही. संध्याकाळी खाली उतरलं की बोलायला समवयस्क भेटतात, आणि दोघांपैकी एकच मागे उरतं तेव्हा या सोबतीचं मोल फार असतं. रोजचा स्वयंपाक सुटला तर पत्नीलाही मोकळा वेळ मिळेल. त्यांचं मत वेगळं असू शकतं, त्यांना एकटं विचारा.

अशी संकुलं ‘स्वतंत्र’ राहू शकणाऱ्या ज्येष्ठांसाठी असतात, आणि अडचण असते ती याच शब्दात. इथे शुश्रूषा मिळत नाही. आंघोळ, कपडे, औषधं, चालणं हे सगळं ज्याचं त्याने करायचं, असं गृहीत धरलेलं असतं. पक्षाघात किंवा स्मृतिभ्रंश झाल्यावर काय, याचं उत्तर माहितीपत्रकात नव्हे, करारात शोधा. चोवीस तासांची बाई ठेवता येते का? ती झोपणार कुठे? तिच्यासाठी वेगळं शुल्क आहे का? आणि रहिवासी ‘स्वतंत्र राहण्यास असमर्थ’ आहे हे ठरवणार कोण? तो अधिकार एकट्या व्यवस्थापनाकडे असेल तर सही करू नका. तुमच्या डॉक्टरांचं मत आणि घर सोडायला किमान तीन महिन्यांची मुदत, ही दोन कलमं घालून घ्या.

आता पैशांचं. 8.2 टक्के दराने 30 लाखांवर तिमाहीला 61,500, म्हणजे महिन्याला 20,500 रुपये व्याज येतं. वरवर पाहता 18,000 सहज भागतात. पण हे शुल्क जीएसटी वगळून असेल तर 18 टक्के धरून ते 21,240 होतं. म्हणजे पहिल्याच महिन्यात व्याज तोकडं पडतं, शिवाय ते व्याज करपात्र असतं. शुल्क दरवर्षी 8 टक्क्यांनी वाढलं तर दहा वर्षांनी जीएसटी न धरताच ते 38,800 च्या वर जाईल. तुमचं व्याज मात्र पाच वर्षं एक रुपयाही वाढत नाही. म्हणून मागच्या तीन वर्षांची प्रत्यक्ष बिलं मागा आणि वाढीची कमाल मर्यादा करारात लिहून घ्या.

पाहायला जाल तेव्हा बागेत फार वेळ घालवू नका, बाथरूममध्ये घालवा. दार बाहेरच्या बाजूला उघडतं का ते बघा. आत उघडणारं दार आतल्या पडलेल्या माणसालाच अडतं आणि मदतीला आलेल्याला आत शिरता येत नाही. आधाराच्या दांडीवर पूर्ण भार देऊन बघा, फरशी ओली करून चाला. महारेरा या राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाने 2024 मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी किमान निकष ठरवले आहेत. दारांची रुंदी 900 मिलिमीटरपेक्षा कमी नसावी, हा त्यातलाच एक. टेप बरोबर न्या. लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवा मावतो का तेही मोजा. वीज गेल्यावर जनरेटर फक्त लिफ्ट-पंपाला पुरतो की घरातल्या पंख्यालाही, हे विचारा. पाण्याचे टँकर येत असतील तर एप्रिल-मेचा त्यांचा खर्च कोणाच्या बिलात पडतो, तेही विचारा.

मग तिथल्याच एखाद्या मालकाचा फ्लॅट 11 महिन्यांच्या नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करारावर घ्या. वारस परगावी असलेले फ्लॅट बऱ्याचदा रिकामे असतात. एक पावसाळा आणि एक उन्हाळा काढा. मध्यरात्री एकदा, पूर्वकल्पना देऊन, आपत्कालीन बटण दाबा. किती मिनिटांत आणि कोण येतं, परिचारिका की नुसता पहारेकरी, ते टिपून ठेवा. तेवढ्या काळात नाशिकचं घर भाड्याने दिलंत तर खर्चालाही हातभार लागेल.

प्रश्न : अशाच संकुलातला फ्लॅट आईच्या नावावर होता. आई गेली. मी 48 वर्षांची, वयाच्या अटीमुळे तिथे राहू शकत नाही. शुल्क मात्र चालूच आहे. मी नॉमिनी आहे. विकता येईल का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. मृत्यूपत्र नसेल तर सगळ्या वारसांची संमती लागते. भावंडं हक्क सोडणार असतील तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करा. त्यानंतर विक्री होईल, पण करारात अट असेल तर ग्राहकही ज्येष्ठच हवा. त्यामुळे वेळ लागतो आणि भावही थोडा पडतो. सहकारी संस्था असेल तर तिला हस्तांतर अधिमूल्य, म्हणजे फ्लॅट नव्या मालकाच्या नावावर करण्याची रक्कम, 25,000 रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही. सेवा पुरवणारी कंपनी करारात स्वतःचं वेगळं शुल्क लावते का, ते मात्र तपासा. ही दोन शुल्कं एकच समजून लोक फसतात.

मासिक शुल्काचं बिल फोडून मागा. सामायिक देखभाल, सुरक्षा, लिफ्ट यांचे पैसे द्यावेच लागतील. साफसफाई, जेवण, परिचारिका या न वापरलेल्या सेवा बंद करण्याचं पत्र आजच द्या आणि पोच घ्या. विक्री लांबली तर एखाद्या ज्येष्ठ जोडप्याला 11 महिन्यांसाठी भाड्याने द्या. कराराची नोंदणी करणं ही घरमालकाचीच, म्हणजे तुमची जबाबदारी आहे.