झाडावरचं ‘शेवाळ’ आणि च्यवनप्राश

प्रश्न असा आलाय : महाबळेश्वरच्या रानात फांदीवर राखी-हिरवा, इवल्या झुडपासारखा झुबका दिसला. बरोबरचे म्हणाले शेवाळ, वाटाड्या म्हणाला दगडफूल. मग म्हणायचं काय?

शेवाळ तर नक्कीच नाही. हिरवट दिसलं की ठोका शेवाळ, हे ऐकून आता कान किटले. शेवाळ हा मुळात पाण्याचा शब्द. शाकुंतलात दुष्यंताला शैवलात गुरफटलेलं कमळ आठवतं ते पाण्यातलं, फांदीवरचं नव्हे. पावसाळ्यात पायऱ्यांवर जे निसरडं हिरवं धरतं त्यालाही आपण शेवाळ म्हणतो. तेवढं एक चालवून घेऊ.

दगडफूल नात्यातलं, पण हे ते नाही. गोड्या मसाल्याचं दगडफूल तळहातावर घेऊन बघा : पसरट, वरून राखी, खालून काळं. गंमत म्हणजे ते फूल नाही, आणि पुष्कळदा दगडावरचंही नसतं, झाडाच्या सालीवरून काढलेलं असतं. संस्कृतातही ‘शैलेय’च, म्हणजे ही दगडाची खोड जुनी आहे.

या सगळ्या कुळाचं इंग्रजी नाव लायकेन, आणि इथे मला राहवत नाही. मूळ ग्रीक ‘लेइखेन’. ‘लेइखो’ म्हणजे मी चाटतो. सालीला चाटत चाटत पसरतं, म्हणून हे नाव. आपल्याकडे याच धातूचा भाऊ ‘लिह्’. त्यातून लेह्य, अवलेह. म्हणजे सकाळी चमचाभर चाटता तो च्यवनप्राश आणि लायकेन हे शब्दकुळाने चुलतभाऊ! ग्रीकांनी हेच नाव अंगावरच्या चट्ट्यांनाही दिलं. त्वचेच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीत ‘लायकेन प्लॅनस’ अजून भेटतो.

मराठीत पारिभाषिक शब्द आहे शैवाक. ‘कोशातलं मढं’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे. माझ्या मते हा शैवाल (अल्गी) आणि कवक (बुरशी) यांचा सांधा : शैवालाचं डोकं, कवकाची शेपटी. हिंदीवाल्यांनी ‘शैक’ करून आणखी कात्री लावली. ‘शैव’ ऐकून शंकराच्या जटा आठवणारेही भेटतात. जटा छान दिसतात, व्युत्पत्ती काही दिसत नाही. आणि वस्तूच तशी जोडीची आहे ना! बुरशीने धाग्यांचं घर बांधायचं, आत शैवालाने उन्हावर दोघांचा स्वयंपाक करायचा. श्वेंडेनर या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६७ मध्ये हे मांडलं तेव्हा लायकेनच्या नामवंत जाणकारांनीच त्याला उडवून लावलं. ते चुकले. अख्खी ही भानगड तीन अक्षरांत सांगणाऱ्या शब्दाला मढं म्हणणाऱ्यांनी निदान पर्याय तरी द्यावा. ‘झाडावरचं दगडफूल’ हा पर्याय नव्हे, विनोद आहे.

हां, तो झुबका. खाली पडलेल्या काटकीवरचा एक तंतू ओला करून हलकेच ताणा. वरची साल मण्यांसारखी तुटत गेली आणि आत पांढरी, रबरासारखी ताणणारी दोरी दिसली, तर उस्निया, शैवाकाचाच एक प्रकार. नाव अरबी ‘उश्ना’वरून. दोरी नाही, फाटे फितीसारखे चपटे आणि दोन्ही अंगांनी सारखेच हिरवट असले, तर बहुधा रॅमालिना. ते नाव लॅटिनमधल्या काटक्यांवरून.