मरण अटळ आहे असं मानूनही ज्यू तत्त्वज्ञ मुक्तीबद्दल कसं बोलतात?

तुमचा प्रश्न असा: माणूस मर्त्य आहे हे आधुनिक ज्यू विचारवंत पूर्णपणे मान्य करतात, मग मुक्तीला जागा कुठे उरते? मी यासाठी जर्मन ज्यू तत्त्वज्ञ फ्रान्त्स रोझेनत्स्वाइगकडे वळेन, कारण मरणाच्या भीतीला त्याच्याइतका मान क्वचितच कुणी दिला असेल.

१९१८ साली बाल्कन आघाडीवर जर्मन सैनिक असताना त्याने 'मुक्तीचा तारा' लिहायला घेतला. मजकूर पोस्टकार्डांवर लिहून तो घरी आईला धाडत असे. १९२१ साली छापून आलेल्या या ग्रंथाचं पहिलंच वाक्य मरणभयाबद्दल आहे. त्याचा राग जर्मन तत्त्वज्ञ हेगेलपर्यंतच्या तत्त्वज्ञानाच्या साऱ्या परंपरेवर आहे: देह गेला तरी समष्टी, म्हणजे सगळं मिळून होणारं अखंड विश्व, टिकते, मग भ्यायचं कशाला, असं ती सांगत आली. पण तोफगोळे पडत असताना जमिनीला चिकटून पडलेल्या माणसाला समष्टीचं काय? मरणार तो स्वतः असतो. ही भीती काढून घेऊ नका, ती खरी आहे, असं रोझेनत्स्वाइग म्हणतो. मला हे फार प्रामाणिक वाटतं.

मग मुक्ती? आपल्याकडे मोक्ष म्हटलं की जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका. इथे तसं नाही, आणि ती एकट्याला मिळतही नाही. बायबलमधल्या 'गीतरत्ना'त प्रेम मृत्यूइतकं बळकट असल्याचं म्हटलंय, त्यावर तो सगळा डोलारा उभा करतो. देव माणसावर प्रेम करतो, त्याने एकटा माणूस बोलता होतो आणि तेच प्रेम समोर येईल त्या शेजाऱ्याकडे नेतो. असं एकेका शेजाऱ्यातून जग पुरं होत जातं. मरण रद्द होत नाही, फक्त शेवटचा शब्द त्याचा राहत नाही.

याचं दृश्य रूप म्हणजे पांढरं कफन. योम किप्पूर या पापक्षालनाच्या उपासाच्या दिवशी (कोकणातले बेने इस्राएल ज्यू याला दारफाळणीचा सण म्हणत) अनेक युरोपीय ज्यू पुरुष प्रार्थनेला हेच वस्त्र घालून उभे राहतात. त्यांच्यातल्या काही समाजांत नवरदेवही लग्नाच्या मांडवाखाली ते घालतो. रोझेनत्स्वाइगच्या मते ते मृत्यूला दिलेलं आव्हानच असतं.

१९२२ साली त्याला पक्षाघाताकडे नेणारा असाध्य आजार जडला. पुढे हात आणि वाचा दोन्ही गेली. पत्नी एडिथ अक्षरं म्हणत जाई, तो हव्या त्या अक्षराला खूण करी. अशा स्थितीत, १९२९ साली मृत्यू येईपर्यंत, तो ज्यू तत्त्वज्ञ मार्टिन बूबरबरोबर हिब्रू बायबल जर्मनमध्ये आणत होता.

पुढे फ्रेंच ज्यू तत्त्वज्ञ लेव्हिनासने याच वाटेवर माझ्या मरणापेक्षा दुसऱ्याचं मरण पुढे ठेवलं, पण तो वेगळ्या उत्तराचा विषय आहे. तुम्हाला मूळ ग्रंथ वाचायचा असेल तर प्रस्तावना वाचून थेट दुसरा भाग उघडा. पहिला भाग फार गणिती आहे, तिथेच बहुतेक जण पुस्तक मिटतात.