वाचकांचे प्रश्न : आशियाई धाटणीच्या कॉकटेल बारमधील एक संध्याकाळ

प्रश्न : आमचा मुलगा आणि सून न्यूयॉर्कच्या ईस्ट व्हिलेज भागात राहतात. येत्या उन्हाळ्यात आम्ही दोघे त्यांच्याकडे जाणार आहोत. घराजवळच्याच एका आशियाई धाटणीच्या कॉकटेल बारमध्ये आम्हाला नेण्याची त्यांची फार इच्छा आहे. माझे यजमान क्वचित एखादा पेग घेतात, मी मद्य घेत नाही आणि आम्ही दोघेही शाकाहारी आहोत. तिथे आम्ही अवघडून तर बसणार नाही ना? — एक वाचक, पुणे

उत्तर : आपण अवश्य जावे. ‘परमिट रूम’ म्हटल्यावर आपल्याकडे जे चित्र डोळ्यांसमोर येते, त्याच्याशी या जागांचे काही नाते नाही. आणि मुलगा-सून ज्या भागात राहतात, तिथे तर या प्रकारच्या बारची परंपराच आहे. टोनी योशिदा यांनी १९९३ मध्ये याच ईस्ट व्हिलेजमध्ये, एका जपानी रेस्टॉरंटमधून आत जावे लागे अशा दारामागे, ‘एंजल्स शेअर’ नावाचा लहानसा बार सुरू केला. चारपेक्षा अधिक जणांच्या गटाला तिथे प्रवेश नसे आणि उभे राहून पिण्यास मनाई असे, त्यामुळे आवाज आपोआप मर्यादेत राही. ती मूळ जागा २०२२ मध्ये बंद झाली. मात्र तिच्या शांतपणाचा आणि नेटकेपणाचा प्रभाव सॅशा पेट्रास्की यांच्या ‘मिल्क अँड हनी’ या बारवर पडला आणि पुढे त्या बारमुळे अमेरिकेतील कॉकटेल बारचे वळणच पालटले. बसून, सावकाश, शेजारच्याशी बोलता येईल एवढ्या आवाजात संध्याकाळ घालवणे हे अशा जागेचे खरे प्रयोजन आहे आणि ते मद्य न घेणाऱ्यालाही तितकेच साधता येते.

यजमानांसाठी मी हायबॉल सुचवेन. त्यात व्हिस्कीच्या एका भागाला सोड्याचे तीन ते चार भाग असतात, म्हणजे पेग तेवढाच, पण पेय लांब आणि हलके. ते तयार होताना मात्र त्यांनी काउंटरपाशी बसून नीट पाहावे. उंच ग्लास आधीच गार केलेला असतो. त्यात स्वच्छ, मोठा बर्फ घालून लांब दांड्याच्या चमच्याने तो फिरवला जातो आणि सुटलेले पाणी काढून टाकले जाते. मग व्हिस्की ओतून पुन्हा ढवळतात, जेणेकरून तीही पुरती गार व्हावी. शेवटी थंडगार सोडा बर्फावर न ओतता ग्लासच्या कडेने हलकेच सोडतात आणि चमच्याने बर्फ जेमतेम एकदा वर उचलून खाली ठेवतात. गार द्रवात वायू अधिक काळ टिकतो आणि बर्फावर आदळल्यास बुडबुडे फुटतात, म्हणून हा सारा खटाटोप. बार कसा आहे हे मला नेहमी या सर्वांत साध्या पेयावरून कळते. जिथे हायबॉल मन लावून केला जातो, तिथे बाकीच्या यादीवरही विश्वास ठेवायला हरकत नाही.

आपल्यासाठी युझू (लिंबाच्या जातीचे जपानी फळ), शिसो (सुगंधी पाने), आले, लिची, गवती चहा यांपासून केलेली मद्यविरहित पेये बहुतेक ठिकाणी यादीतच असतात. ती मागताना संकोच बाळगू नये.

खरी काळजी घ्यायची आहे ती खाण्याच्या बाबतीत. भाजी किंवा टोफू दिसला म्हणजे पदार्थ शाकाहारी आहे, असे समजू नये. जपानी स्वयंपाकातील ‘दाशी’ हा रस्सा बहुधा कोंबू या समुद्री वनस्पतीबरोबर सुकवलेल्या बोनिटो माशाच्या पापुद्र्यांपासून केलेला असतो आणि तो मिसो सूपमध्ये, तसेच तळलेल्या टोफूच्या ‘आगेदाशी’त असतोच. किमचीत पुष्कळदा खारवलेली कोळंबी किंवा माशाचे सॉस असते. परतलेल्या हिरव्या भाज्यांत कालवांपासून केलेले ऑयस्टर सॉस पडलेले असू शकते. पेयेही याला अपवाद नाहीत : ‘सावर’ (म्हणजे आंबट) प्रकारच्या काही कॉकटेलवरचा पांढरा फेस अंड्याच्या बलकाशिवायच्या भागाचा असतो आणि काही बारमध्ये मद्याला प्राण्याच्या चरबीचा स्वाद देण्याचे तंत्रही वापरतात. म्हणून ‘आम्ही व्हेजिटेरियन आहोत’ एवढेच न सांगता मासे, त्यांचा रस्सा आणि अंडेही चालत नाही, असे बसल्याबरोबर स्पष्ट सांगावे. मीठ लावून उकडलेले एडामामे, म्हणजे सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा, सहसा निर्धोक असतात.

एक व्यवहाराची गोष्ट. तिथे मद्यासाठी वयाची अट २१ वर्षे आहे आणि केस पांढरे असले तरी दारात ओळखपत्र मागितले जाऊ शकते. पासपोर्ट जवळ ठेवावा. बिलावर साधारण १८ ते २० टक्के टिप देण्याची तिथे रीत आहे.

प्रश्न : साके, शोचू आणि सोजू यांत नेमका फरक काय? शिवाय एखादा बार केवळ नावाला आशियाई आहे की मनापासून तसा आहे, हे कसे ओळखावे? — एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : साके ही ऊर्ध्वपातनाने, म्हणजे द्रव तापवून त्याची वाफ पुन्हा गार करून, काढलेली नसते, तांदूळ आंबवून केलेली असते. तांदळातील पिष्टाची साखर करण्याचे काम कोजी ही बुरशी करते आणि तयार पेयात अल्कोहोल साधारण १५ ते १६ टक्के असते. ‘गिंजो’ साठी तांदळाचा दाणा घासून मूळच्या ६० टक्के किंवा त्याहून कमी उरवतात, ‘दाइगिंजो’ साठी ५० टक्के किंवा त्याहून कमी. शोचू मात्र ऊर्ध्वपातनाने काढतात. ती बार्ली, रताळे किंवा तांदूळ यांपासून होते, बहुधा २५ टक्क्यांच्या आसपास असते आणि रताळ्याच्या शोचूला स्वतःचा असा मातकट, गोडसर गंध असतो. बाजारातील नेहमीची हिरव्या बाटलीतील कोरियन सोजू ही तटस्थ मद्यार्कात पाणी आणि गोडी मिसळून केलेली, त्याहून सौम्य असते.

आता दुसरा भाग, ज्याविषयी मला अधिक आस्था आहे. १९३३ मध्ये हॉलिवूडला ‘डॉन द बीचकोंबर’ हे बार-रेस्टॉरंट सुरू झाले आणि त्यातून बांबूच्या भिंती, लाकडी मुखवटे, रमची पेये आणि कँटोनी धर्तीचे खाणे यांची ‘टिकी’ नावाची सरमिसळ अमेरिकाभर पसरली. त्यातील कित्येक पेये उत्तम आहेत, परंतु पॅसिफिक महासागरातील ज्या बेटांचा देखावा उभा केला गेला, तिथल्या माणसांना आणि त्यांच्या चवींना त्यात फारसे स्थान नव्हते. आजही कागदी कंदील टांगून आणि प्रत्येक ग्लासात लिचीचे सरबत ओतून आशिया उभा करता येतो, असे समजणारे आहेत. त्यामुळे भिंतींकडे न पाहता यादी वाचावी. केवड्याच्या कुळातील पानडनची पाने, कालामान्सी लिंबू, चिंच, भाजलेले तीळ हे घटक कोणत्या प्रदेशातून आले हे तिथल्या माणसाला सांगता येते का? त्यांच्या जोडीला त्याच प्रदेशाचे खाणे मिळते का? सांगता येत असेल आणि मिळत असेल, तर तिथे पुन्हा जावे.

प्रश्न : अशा बारमध्ये आपली फेणी कधी का दिसत नाही? — एक वाचक, मडगाव

उत्तर : क्वचित दिसते आणि अधिक दिसायला हवी, या मताचा मी आहे. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिचा उग्र वास ही अडचण नसून तीच तिची ओळख आहे. फक्त त्याला तोलून धरणारी आंबट आणि खारट जोड लागते. उर्राकमध्ये, म्हणजे काजूच्या रसाच्या पहिल्या ऊर्ध्वपातनातून मिळणाऱ्या सौम्य मद्यात, लिंबू, मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची घालून पिण्याची गोव्यातील पद्धत हे याचे तयार उदाहरण आहे. फेणीला कोकमाचे आगळ आणि भरपूर सोडा यांची साथ दिली, तर युझूच्या हायबॉलशेजारी तिला यादीत मानाने बसवता येईल. परदेशात बार चालवणारे कोणी मराठी किंवा कोंकणी वाचक असतील, तर त्यांनी हा प्रयोग जरूर करावा आणि आम्हाला कळवावे.