वाचकांचे प्रश्न : वरून काळी, खालून ठिपक्यांची, आयोवातली प्रेअरीची माती

प्रश्न : आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, ६ वर्षं झाली आयोवात एम्सजवळ राहतो. मागच्या वर्षी गावाच्या कडेला घर घेतलं, आधी तिथे मक्याचं शेत होतं. मागे बरीच मोकळी जागा आहे आणि माती इतकी काळी, की सासूबाई आल्या तेव्हा म्हणाल्या, अगं ही तर आपली कृष्णाकाठची माती. म्हणून हौसेने एप्रिलमध्ये मेथी-कोथिंबीर पेरली तर सगळं बी कुजलं, मे संपत आला तरी बुटाला चिखल, आणि बेसमेंटमधला संप पंप रात्रंदिवस चालू. झाड लावायला खड्डा घेतला तर दीड फुटाखाली काळी माती संपली, पुढे करडी-पिवळट आणि त्यात गंजासारखे ठिपके. सॉइल सर्व्हेचा नकाशा उघडून बघितला तर आमच्या प्लॉटवर 'निकोलेट' आणि 'समव्हॉट पुअरली ड्रेन्ड' (म्हणजे निचरा जरा कमी) असं लिहिलंय. म्हणजे आमची माती खराब निघाली का? ट्रकभर चांगली माती आणून टाकावी का?
(एक वाचक, एम्स, आयोवा)

उत्तर : ताई, आधी ट्रकवाल्याला नाही म्हणून सांगा. तुमच्या घरामागे जी माती आहे ती जगातल्या उत्तम शेतजमिनींपैकी आहे, हे मी तुमचं मन राखायला म्हणत नाहीये. तिथला निचरा थोडा मंद आहे एवढंच, आणि त्याचं कारण मातीत कमी आणि जागेत जास्त आहे.

सासूबाईंना जे वाटलं ते वाटणं अगदी साहजिक आहे पण दोन्हींचा काळेपणा वेगळा. आपली रेगूर माती बेसॉल्टच्या खडकातून आलेली, तिच्यात चिकणमाती निम्म्याच्या आसपास, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि इतकी काळी असूनही सेंद्रिय कर्ब बहुतेक ठिकाणी १ टक्क्याच्या खालीच. आयोवातली काळी माती मात्र प्रेअरीच्या, म्हणजे तिथल्या गवताळ मैदानांच्या, गवताने काळी केलीय. माणसाच्या उंचीएवढं वाढणारं बिग ब्लूस्टेम, इंडियन ग्रास अशी गवतं, त्यांच्या मुळ्या कित्येक फूट खोल, दरवर्षी त्यातल्या थोड्या मरणार, कुजणार, परत नव्या येणार, असं हजारो वर्षं चाललं. त्यामुळे वरच्या फूट-दीड फुटात सेंद्रिय पदार्थ ४ ते ६ टक्के सहज सापडतो. बाकी पोत म्हणाल तर पोयटा, म्हणजे वाळू, गाळ आणि चिकण तिन्ही हाताला लागतील अशी. भेगा आपल्यासारख्या पडत नाहीत.

मग पोयट्याची जमीन असून पाणी का तुंबतं? तर पाणी मुरत नाही असं नाही, मुरतं, पण मुरून जाणार कुठे. सुमारे १४ हजार वर्षांपूर्वी उत्तरेकडून बर्फाची एक प्रचंड जीभ आत्ताच्या डी मॉइन शहरापर्यंत येऊन थांबली आणि वितळताना तिने पोटातला सगळा कालवलेला माल, वाळू गोटे चिकण चुनखडी सगळं एकत्र, तिथेच टाकला. ती जमीन भूगर्भाच्या हिशेबात अजून पोरवयातली आहे. ओढ्या-नाल्यांनी तिला अजून नीट कापलेलंच नाही, त्यामुळे मैलोन्मैल सपाट, मध्येमध्ये बशीसारखे खोलगट भाग, आणि खाली तो दाबून बसलेला हिमनदीचा गाळ. मार्चमध्ये बर्फ वितळतं, एप्रिल-मे-जूनमध्ये पाऊस, पिकं अजून लहान, मग जमिनीतलं पाणी वर येत येत तुमच्या पायापासून एक-दोन फुटांवर येऊन बसतं. तुमचा संप पंप तेच पाणी उपसतोय. जुलैत मका उभा राहिला की तो रोज एवढं पाणी ओढतो की हीच पातळी काही फूट खाली जाते, आणि ऑगस्टमध्ये पाऊस लांबला तर हीच माती झाडांना जगवते कारण दर फुटाला जवळजवळ २ इंच पाणी ती पिकासाठी धरून ठेवते. म्हणजे मेमध्ये जिच्यावर तुम्ही वैतागलात तीच ऑगस्टमध्ये उपयोगी पडते.

आता ते गंजाचे ठिपके. माझ्या मते तुमच्या खड्ड्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच. मी पहिल्यांदा निकोलेट माती ऑगरने, म्हणजे माती काढायच्या गिरमिटाने काढली तेव्हा तासभर तिथेच बसून राहिलो होतो. वरचे सोळा-सतरा इंच काळेभोर, ओली असताना तर अजून काळी, आणि बोटांनी दाबली की रव्याच्या लाडवासारखी भुसभुशीत सुटणारी. मग काळा रंग एकदम न संपता बोटांसारखा खाली उतरत होता, ती गांडुळांची जुनी बिळं, वरची काळी माती घेऊन खाली गेलेली. त्याखाली तपकिरी-हिरवट अशी झाक आणि तिच्यात बारीक बारीक करडे पट्टे, पट्ट्यांच्या कडेला केशरी गंज. साडेतीन फुटांवर आम्लाचा थेंब टाकला तर फसफसलं, म्हणजे तिथे चुना, आणि हाताला एक गुलाबी ग्रॅनाइटचा खडा लागला, सुपारीएवढा. आयोवाच्या त्या भागात जमिनीजवळ ग्रॅनाइट नाहीच, तो उत्तरेकडून बर्फाबरोबर आलेला.

ठिपके पडतात ते असे. मातीच्या पोकळ्या पाण्याने भरल्या की जिवाणूंना हवा मिळत नाही, आहे तो ऑक्सिजन काही दिवसांत संपतो, मग ते श्वासाला मातीतलं लोह वापरतात. असं झालेलं लोह पाण्यात विरघळतं आणि जिथून ते निघून गेलं तिथली माती करडी दिसते. पुढे पाणी उतरलं, मुळाच्या बिळातून हवा आत आली, की ते लोह परत गंजतं आणि तिथे केशरी ठिपका पडतो. म्हणजे करडं असेल तिथे पाणी बराच काळ राहतं, केशरी असेल तिथे हवा परत येते, आणि दोन्ही शेजारी शेजारी असतील तर पाणी येतं आणि जातं. तुमच्याकडे दोन्ही आहेत. काळ्याखाली लगेच सगळंच करडं निघालं असतं तर ती 'वेबस्टर' माती, पुअरली ड्रेन्ड म्हणजे कमी निचऱ्याची, आणि तीन फुटांपर्यंत स्वच्छ तपकिरी निघालं असतं तर 'क्लॅरियन', उंचवट्यावरची. एकाच शेतात या तिन्ही सापडतात, उंचीत फरक चार-पाच फुटांचा. नकाशात बघा, एल१३८ म्हणजे क्लॅरियन, एल५५ निकोलेट, एल१०७ वेबस्टर, बहुतेक शेजारीशेजारीच असतील.

करायचं काय ते सांगतो. वाळू टाकू नका, नवी माती टाकू नका, कारण खालची पाण्याची पातळी त्याने तसूभर हलत नाही. गादीवाफे करा, ८-१० इंच उंच, त्याच काळ्या मातीचे, कंपोस्ट घालून. तेवढ्या उंचीने मुळांना हवा मिळते आणि वाफा लवकर तापतो, ओली माती तापायला फार वेळ घेते आणि तुमचं मेथीचं बी कुजलं ते गारठ्याने आणि हवा नसल्याने, मातीच्या दोषाने नाही. गादीवाफ्यावर मेथी-कोथिंबीर एप्रिलअखेर चालेल, मिरची वांगी दुधी मात्र मेच्या मध्यानंतरच.

आणि वाफशाशिवाय मातीत पाय ठेवू नका, हे मी दोनदा सांगेन. तुमच्या सासूबाईंना वाफसा समजतो, त्यांनाच विचारा. चार-पाच इंच खालची मूठभर माती घ्या, गोळा करा, अंगठ्याने दाबा, फुटून चुरा झाला तर कामाला लागा, चकाकणारी पट्टी निघाली तर घरात परत जा. ओल्यात एकदा फावडं चालवलं की हे भुसभुशीत दाणे दाबून ढेकळं होतात आणि ती चूक दोन-तीन हंगाम पुरते. तसंच एप्रिलमध्ये युरिया देऊ नका, पाणी तुंबलं की त्यापासून झालेल्या नायट्रेटचा वायू होऊन उडून जातो, झाडाला काहीच मिळत नाही. आणखी एक, झाडाचा पुढचा खड्डा खोल घ्यायच्या आधी ८११ ला फोन करा, गॅस-वीजवाले फुकट येऊन लाइनी आखून देतात.

प्रश्न : 'समव्हॉट पुअर' हे कोण आणि कशावरून ठरवतं? शेताखाली १०० वर्षं निचऱ्याचे पाइप असतील आणि पाणी उभंच राहत नसेल तरी वर्ग तोच कसा?
(कृषी पदवीची विद्यार्थिनी, राहुरी)

उत्तर : चांगला प्रश्न, परीक्षेतही विचारतात. अमेरिकेच्या मृदा सर्वेक्षणात निचऱ्याचे ७ वर्ग आहेत, अति निचऱ्यापासून अति कमी निचऱ्यापर्यंत, त्यात हा पाचवा. अर्थ असा की पाणी हळू जातं आणि पिकाच्या हंगामात बराच काळ कमी खोलीवर जमीन ओली राहते, आणि सोय केली नाही तर बहुतेक पिकांना त्रास होतो. ठरवतात ते मुख्यतः रंगावरून, मनसेलच्या रंगपुस्तिकेच्या चकत्यांशी मातीचा ताजा ढेकूळ जुळवून, ठिपके किती खोलीपासून सुरू होतात ते मोजून. वर्गीकरणात निकोलेट म्हणजे 'अ‍ॅक्विक हॅप्लुडॉल', यातला 'ऑल' हा मॉलिसॉलचा, म्हणजे गवताळ प्रदेशातली मऊ काळी माती, आणि 'अ‍ॅक्विक' म्हणजे पाण्याची खूण असलेली.

पाइपाचं म्हणाल तर वर्ग लावताना माती ज्या नैसर्गिक परिस्थितीत घडली ती धरतात. पाइप काढला किंवा बुजला तर पाणी परत तिथेच येणार, म्हणून नाव बदलत नाही. नावाचं विचाराल तर मिनेसोटातल्या निकोलेट काउंटीवरून पडलं, आणि काउंटीचं जोसेफ निकोलेवरून, १८३० च्या दशकात मिसिसिपीच्या वरच्या खोऱ्याचे नकाशे करणारा फ्रेंच माणूस.

प्रश्न : आमच्या वाळवा तालुक्यात चिबड झालेल्या उसाच्या रानात सच्छिद्र पाइप घालतात. आयोवात पण शेताखाली पाइप असतात म्हणे. रोग एकच का?
(शेतकरी, जि. सांगली)

उत्तर : दादा, औषध सारखं आहे पण रोग वेगळा. तुमच्याकडे पाणी आपण आणून ओतलं, उसाला वारेमाप पाट सोडले, भारी काळ्या मातीतून ते खाली जाईना, उन्हाने वर ओढलं गेलं आणि येताना क्षार घेऊन आलं. म्हणून रान चिबडतं आणि क्षारपड होतं दोन्ही, आणि पाइप घालून वर मीठ धुवायलाही लागतं. आयोवात पाणी पावसाचंच, आणि वर्षभरात उडून जातं त्यापेक्षा जास्त पडतं, त्यामुळे मीठ साठत नाही. चुना मात्र साठतो, खोलगट बशांच्या कडेला पांढुरकं कडं दिसतं, तिथे सोयाबीन पिवळं पडतं, अगदी चुनखडीच्या रानात आपल्या उसाला केवडा पडतो तसंच, तिथेही लोहच मिळत नाही.

त्यांचे पाइप जुने. भाजलेल्या मातीच्या नळकांड्यांची ही पद्धत जॉन जॉन्स्टन नावाच्या स्कॉटिश शेतकऱ्याने १८३० च्या दशकात न्यूयॉर्क राज्यात आणली, पुढे आयोवात निचऱ्यासाठी खास 'ड्रेनेज डिस्ट्रिक्ट' करून, कर बसवून, लोक एकत्र निचरा करायला लागले. तिथले लोक अजून त्याला 'टाइल'च म्हणतात, जरी आता काळा प्लास्टिकचा पाइप असला तरी. साधारण तीन-चार फूट खोल. त्याने पाणथळ गवत गेलं आणि मका-सोयाबीन आलं.

पण याची किंमत आहे आणि ती मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. पूर्वी पाणी जमिनीत रेंगाळायचं तेव्हा त्यातला नायट्रेट जिवाणू संपवायचे. आता तेच पाणी पाइपातून थेट ओढ्यात, ओढ्यातून रॅकून नदीत, आणि ती नदी डी मॉइन शहराला प्यायला. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट-नायट्रोजन लिटरला १० मिलीग्रॅमच्या वर चालत नाही, म्हणून शहराला १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून तो काढायचा वेगळा प्लांट चालवावा लागतोय, आणि २०२५ च्या जूनमध्ये तेही पुरेना म्हणून लोकांना लॉनला पाणी घालायची बंदी केली. तुमच्याकडे पाइप घालताना शेवटी पाणी कुठे सोडणार आणि त्या ओढ्याचं पाणी पुढे कोण पितं, हे आधी गावात बसून ठरवा.

प्रश्न : मुलांना खरी प्रेअरी दाखवायची आहे. कुठे नेऊ?
(एम्सच्याच वाचकांचा दुसरा प्रश्न)

उत्तर : ताई, तुमच्यापासून जवळच स्टोरी सिटीपाशी डूलिटल प्रेअरी आहे, कधीही न नांगरलेला तुकडा शिल्लक आहे तिथे. एकेकाळी आयोवाचा बहुतेक भाग प्रेअरी होता, त्यातला हजारात एक हिस्साही आता उरलेला नाही, म्हणून पायवाट सोडून फार आत शिरू नका. जमीन पसरलेली बघायची असेल तर प्रेअरी सिटीजवळ नील स्मिथ अभयारण्य आहे, ती परत लावलेली प्रेअरी, पण बायसन आहेत, मुलं खूश होतील. ऑगस्टमध्ये जा, तेव्हा बिग ब्लूस्टेमला तुरे आलेले असतात, तीन फाट्यांचे, टर्की पक्ष्याच्या पावलासारखे, आणि मुलं त्या गवतात शिरली तर दिसणार नाहीत एवढं उंच असतं. डूलिटलला गेलात तर बांधाच्या अलीकडचा मका आणि पलीकडचं गवत दोन्ही एकदम बघून घ्या, माती दोन्हीकडे एकच आहे, तुमच्या मागच्या अंगणात आहे तीच.