मिनी कूपर एसच्या सुपरचार्जरला कोणती पुली बसवावी: १५, १७ की १९ टक्के?

नाशिकमध्ये रोज चालवायच्या आर५३ मिनीला (२००२ ते २००६) १५ टक्क्यांचीच पुली घ्या, म्हणजे मूळ पुलीपेक्षा तेवढ्या कमी व्यासाची. १९ चा तर विचारही नको. व्यास १५ टक्के कमी झाला की सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंप) साधारण १८ टक्के जास्त वेगाने फिरतो, आणि यातला ईटन एम४५ सुपरचार्जर बूस्ट, म्हणजे हवेचा दाब, वाढवताना हवाही भलतीच तापवतो. त्यात ती हवा थंड करणारा इंटरकूलर थेट इंजिनाच्या डोक्यावर. मे महिन्यात कसारा घाट चढून आलात की तोच शेकून निघतो, मग आणखी छोट्या पुलीचा फायदा राहतो कुठे?

सोबत आखूड बेल्ट घ्याच, नाहीतर बेल्ट ताणून धरणाऱ्या टेन्शनरला ताण पुरत नाही आणि बेल्ट घसरून किंचाळतो. स्पार्क प्लग एक पायरी थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारा: एनजीके बीकेआर७ईक्यूयूपी. मूळ पुली दाबून बसवलेली असते, ती पुलरनेच काढा. हातोडी लावली की बेअरिंग गेलं. अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर टर्न करून घ्यायचा मोह होईल, पण बॅलन्सिंग नसलेली पुली त्या वेगाला थरथरते. वॉटर पंपही हाच सुपरचार्जर गिअरने फिरवतो. त्या गिअरचं तेल जुन्या गाड्यांत बहुधा आटलेलंच सापडतं, म्हणून आधी तेवढं बघून घ्या.

हे सगळं निदान ९५ ऑक्टेनचं पेट्रोल धरून. त्याखालचं भरलंत तर नॉक सेन्सर (इंजिनातली ठकठक ओळखणारा) ठिणगीचं टायमिंग मागे ओढतो, ताकद घटते आणि पुलीचे पैसे पाण्यात.