आधी विकास आणि पर्यावरण नंतर, असं गरीब देशांनी का करू नये?

तुम्ही विचारलंय की धूर श्रीमंत देशांनी सोडला, शंभर-दीडशे वर्षं प्रगती त्यांनी करून घेतली, मग आता आपली वेळ आल्यावर भारतासारख्या देशाने झाडं आणि पाणथळ जागा सांभाळत का बसायचं. यातला पहिला भाग मला शंभर टक्के मान्य आहे. दुसरा अजिबात नाही, आणि का नाही ते मी नवी मुंबईत राहतो म्हणून इथल्याच गोष्टींवरून सांगतो.

आधी जे मान्य आहे ते. भारतात माणशी वर्षाला साधारण 2 टन कार्बन डायऑक्साइड निघतो, अमेरिकेत 14 टनांच्या आसपास. 1992 च्या रिओच्या हवामान करारातच लिहून ठेवलंय की जबाबदारी सगळ्यांची आहे पण सारखी नाही. 2009 ला कोपनहेगनच्या हवामान परिषदेत श्रीमंत देशांनी शब्द दिला की 2020 पर्यंत विकसनशील देशांसाठी वर्षाला 100 अब्ज डॉलर उभे करू, तो आकडा गाठला 2022 ला आणि त्यातलाही मोठा हिस्सा कर्जाचा, म्हणजे बिघडवलं त्यांनी आणि परतफेड करायची गरीब देशांनी. 2024 ला बाकूच्या हवामान परिषदेत 2035 पर्यंत वर्षाला 300 अब्ज डॉलर असं ठरलं तेव्हा भारताने तिथल्या तिथे आक्षेप घेतला, योग्यच केलं. हे भांडण जोरात भांडलंच पाहिजे.

पण ठाणे खाडीच्या काठावर रात्री डंपर येऊन डेब्रिज, म्हणजे बांधकामाचा राडारोडा, ओतून जातो त्याचा या भांडणाशी काय संबंध? आपलं माणशी उत्सर्जन कमी आहे हे कार्बनच्या हिशोबात चालतं, तिवरं, म्हणजे खाडीकाठची खारफुटीची झाडं, मारायला ते कारण कसं काय चालेल? तिवर तोडून अमेरिकेचं काहीच बिघडत नाही, पाणी आपल्याच तळमजल्यात येतं.

नवी मुंबई कशी बांधलीय ते बघा. 1970 ला सिडको, म्हणजे हे शहर वसवणारी सरकारी कंपनी, आली आणि खाजणं, मिठागरं, भातशेती यांच्यावर भराव टाकून नोड, म्हणजे इथल्या वसाहती, उभे राहिले, त्यातला बराच भाग मोठ्या भरतीच्या पातळीच्या खाली आहे. म्हणून हॉलंडच्या धर्तीवर होल्डिंग पॉंड, म्हणजे पावसाचं पाणी साठवायची तळी, केले, वाशी, नेरूळ, बेलापूर या बाजूला ते दिसतात. पॉंडच्या तोंडाशी फ्लॅप गेट असतं. भरती चढली की खाडीच्या पाण्याच्या दाबाने ते दार आपोआप बंद होतं, तोपर्यंत शहरातलं पावसाचं पाणी पॉंडमध्ये थांबतं आणि ओहोटी लागली की आतल्या दाबाने दार उघडून ते खाडीत जातं. इतकी साधी आणि हुशारीची गोष्ट आहे, पण ती समुद्राच्या एका ठराविक पातळीवर भरवसा ठेवून केलेली आहे. समुद्र वर सरकला की दार उघडं राहायचा वेळ कमी होतो आणि दुसरीकडे पाऊस थोड्या तासांत जास्त कोसळायला लागलाय. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पडला, त्या दिवशी भरती आणि पाऊस एकत्र आले की काय होतं ते सगळ्या मुंबई-ठाण्याने बघितलंय.

आता यात खारफुटीचं काम काय, तर ती लाटांचा जोर मोडते, गाळ धरून ठेवते आणि चिखलात कार्बन इतका दाबून ठेवते की हात लावला नाही तर तो शेकडो वर्षं तिथेच राहतो. कधी खाडीकडे गेलात तर तिवराचं पान उलटं करून बघा, उन्हाच्या वेळी खाली मिठाचे बारीक कण चिकटलेले दिसतात, जिभेला लावलं तर खारट. खारं पाणी पिऊन मीठ बाहेर टाकणारं हे झाड आहे, आणि खालच्या चिखलातून पेन्सिलीएवढी मुळं श्वास घ्यायला वर आलेली असतात. त्यांच्यावर भराव पडला किंवा कोणी बांध घालून भरतीचं पाणी अडवलं की झाड गुदमरतं, कुऱ्हाड लावावीच लागत नाही. मग काही महिन्यांनी तिथे वाळलेली काटकं उरतात आणि "इथे खारफुटी आहेच कुठे" असं म्हणायला लोक मोकळे. ही पद्धत इथल्या सगळ्यांना माहितीये आणि माझा राग याच्यावर आहे.

आणि फटका पहिला कोणाला बसतो? आमच्याकडे मासे घेऊन येणाऱ्या कोळीवाड्यातल्या मावशी सांगतात की चिखल बुजला की आधी निवट्या जातात, मग चिंबोऱ्या, बोय, आणि जिताडा तर आता सणासारखा. त्यांच्या घरात विकास आधी आला असं म्हणायचं का? टॉवरमधल्या माणसाकडे इन्शुरन्स असतो, दुसरीकडे जायची ऐपत असते. गरीब देशात पर्यावरण "नंतर" ठेवलं की त्याचं बिल सगळ्यात गरीब माणूस भरतो, तेही लगेच.

"बदल्यात दुसरीकडे झाडं लावू" हे मला पटत नाही. दुसऱ्या जिल्ह्यात लावलेलं रोप माझ्या सेक्टरमधलं पाणी अडवणार नाही.

आणि विकास थांबवा असं मी म्हणतच नाहीये. बुलेट ट्रेनचा मुंबईतल्या बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) ते ठाण्याजवळच्या शिळफाटा 21 किलोमीटरचा बोगदा बघा, त्यातला 7 किलोमीटर खाडीच्या खालून जातो, आणि वरचं फ्लेमिंगो अभयारण्य वाचवणं हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. म्हणजे ठरवलं तर डिझाईन बदलता येतं. तरी त्या प्रकल्पात खारफुटी तुटलीच, पण हायकोर्टाची परवानगी घेऊन, उघडपणे. 2018 च्या निकालात मुंबई हायकोर्टाने खारफुटी नष्ट करणं म्हणजे जगण्याच्या हक्कावर घाला आहे असं म्हटलंय आणि भोवतीचा 50 मीटरचा पट्टाही मोकळा ठेवायला सांगितलाय. 2022 ला ठाणे खाडी रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, गेली. कायदा कमी पडत नाहीये, पहारा कमी पडतोय.

एक अवघड गोष्टही सांगतो कारण सगळं सरळ नाहीये. होल्डिंग पॉंड वर्षानुवर्षं न उपसल्याने गाळाने भरलेत आणि त्या गाळात तिवरं उगवलीत. माझं मत, पॉंड हा शहराचा निचरा म्हणून बांधलाय, तिथे कोर्टाची परवानगी काढून गाळ काढावा, आणि खाडीकाठच्या जुन्या खारफुटीला मात्र हात लावू नये. माझ्या ओळखीच्या काही पर्यावरणवाल्यांना हे आवडत नाही, त्यांचा मुद्दा असा की एक दार उघडलं की सगळेच शिरतात, त्यातही तथ्य आहे.

तुम्ही ठाणे-नवी मुंबईतले असाल तर भराव दिसल्यावर लोकेशन आणि तारखेसकट फोटो काढा आणि वन विभागाच्या कांदळवन (म्हणजे खारफुटी) कक्षाला लेखी पाठवा, कॉपी कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालच्या खारफुटी समितीला, ती कोर्टाच्या आदेशानेच झालीये. झाडं जिवंत असतानाच पाठवा, वाळल्यावर सिद्ध करणं फार जड जातं.