चघळताना चुना किंवा राख कशासाठी?

प्रश्न : तंबाखू चुना लावून मळतात, विड्यातही चुना असतो आणि दक्षिण अमेरिकेतील लोक कोकाची पाने राखेबरोबर चघळतात, असे वाचनात आले. परस्परांशी संबंध नसलेल्या लोकांना एकच युक्ती कशी सुचली? चुन्यामुळे तोंड आतून सोलवटते आणि म्हणून अंमल लवकर चढतो, असे म्हणतात. ते खरे आहे काय?

उत्तर : चुन्याने तोंड सोलवटते हे खरे, पण अंमल चढण्याचे मुख्य कारण ते नव्हे. तंबाखूचे व्यसन सुटावे म्हणून दिल्या जाणाऱ्या निकोटिनच्या च्युइंगगममध्ये सोडियम कार्बोनेट किंवा बायकार्बोनेट मिसळलेले असते. त्याने तोंडाला जखमा होत नाहीत, तरीही निकोटिन रक्तात उतरते. चुना, राख आणि हा सोडा यांत समान गोष्ट एकच : तिन्ही पदार्थ आम्लारिधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचे, आहेत.

तंबाखूतील निकोटिन आणि कोकातील कोकेन ही अल्कलॉइडे (वनस्पतींतील नायट्रोजनयुक्त द्रव्ये) स्वतः सौम्य आम्लारी असतात. पानात ती बहुतांशी मॅलिक, सायट्रिक अशा सेंद्रिय आम्लांशी जोडलेली, म्हणजे क्षारांच्या रूपात असतात. या रूपातील रेणूवर विद्युतभार असतो. असा रेणू पाण्यात सहज विरघळतो, पण तोंडाच्या अस्तरातील पेशींची पटले स्निग्ध द्रव्यांची असल्यामुळे त्यांतून तो जवळपास जातच नाही. आम्लारी मिसळला की रेणूवरचा जादा प्रोटॉन निघून जातो, भार नाहीसा होतो आणि मोकळा झालेला रेणू अस्तर ओलांडून थेट रक्तवाहिन्यांत पोचतो.

हा फरक किती मोठा असतो, ते निकोटिनच्या आकड्यांवरून कळेल. सामू, म्हणजेच पीएच, हे आम्लतेचे माप आहे; तो जितका जास्त, तितके मिश्रण अधिक आम्लारिधर्मी. सामू ८ असताना निकोटिनचे निम्मे रेणू मोकळे असतात. लाळेचा सामू साधारण ७च्या आसपास असतो आणि तेथे शंभरांतील जेमतेम ९ रेणू मोकळे असतात. तोच सामू ९वर नेला, तर मोकळ्या रेणूंची संख्या ९१च्या घरात जाते. कोकेनच्या बाबतीत ७ला शंभरांत दोन-तीन, तर ९ला सत्तरच्या आसपास रेणू मोकळे असतात. मळताना चुना लागताच तंबाखूचा नाकाला झोंबणारा दर्प एकदम उग्र होतो. मोकळे झालेले निकोटिन आणि अमोनिया हे दोन्ही हवेत उडू लागल्याचा तो परिणाम असतो.

अर्थात, चुना नसला म्हणजे निकोटिन आत जाणारच नाही असे नाही. मोकळे रेणू शोषले गेले की उरलेल्यांपैकी काही मोकळे होतात, आणि हे चालूच राहते. प्रश्न वेगाचा असतो. दरम्यान रस थुंकला तर तो वाया जातो. गिळला तर जठरातील आम्लामुळे अल्कलॉइडाचे पुन्हा क्षारात रूपांतर होते. पुढे आतड्यातून ते शोषले जाते खरे, पण आतड्याकडचे रक्त आधी यकृतातून जाते आणि यकृत निकोटिनचा बराच भाग तेथेच मोडून टाकते. तोंडातून शोषलेल्या द्रव्याला हा फेरा पडत नाही.

आम्लारी कोणता वापरायचा, हे त्या त्या प्रदेशात जे हाताशी होते त्यावर ठरले. अँडीज पर्वतात किन्वाच्या देठांची राख, कोलंबियातील कोगी लोकांकडे समुद्री शिंपले भाजून केलेला चुना, तर ऑस्ट्रेलियाच्या आदिवासींमध्ये निकोटिनयुक्त पिटुरीच्या पानांबरोबर बाभळीच्या जातीतील झाडांची राख. पेरूमधील नान्चोक खोऱ्यात कोकाची पाने आणि चुनखडीचे खनिज सुमारे ८ हजार वर्षांपूर्वीच्या थरांत सापडले आहे. निकोटिन प्रयोगशाळेत वेगळे झाले ते १८२८ साली. माझ्या मते हे ज्ञान हाती येणे फारसे अवघड नसावे. परिणाम काही मिनिटांतच जाणवतो, त्यामुळे कशाने फरक पडला ते लगेच कळते, आणि राख तर प्रत्येक चुलीत असते.

विड्याला मात्र हे स्पष्टीकरण जसेच्या तसे लावू नये. सुपारीतील अरेकोलीन या अल्कलॉइडाचे निम्मे रेणू ज्या सामूला मोकळे असतात, तो ७च्या जवळ आहे, म्हणजे त्याचा मोठा भाग लाळेत आधीच मोकळा असतो. येथे चुना आणखी एक काम करतो : तो अरेकोलीनच्या रेणूतील एस्टर नावाचा रासायनिक बंध तोडून त्याचे अरेकायडीन बनवतो आणि ते मेंदूतील गाबा या संदेशवाहक द्रव्याच्या पुनर्शोषणात अडथळा आणते. सुपारीतील पॉलिफेनॉले चुन्यामुळे ऑक्सिडीकृत होऊन रस लालभडक होतो. याच क्रियेत पेशींतील डीएनएला इजा करणारी ऑक्सिजनची क्रियाशील रूपे तयार होतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या खंडात सुपारीला, तंबाखू नसतानाही, कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात घातले आहे.

प्रश्न : मग कॉफीचे दाणे किंवा कोलाच्या बिया चघळताना चुना का लावत नाहीत?

उत्तर : कारण त्याचा उपयोग होणार नाही. कॅफीन इतका दुबळा आम्लारी आहे की लाळेत त्याचे जवळजवळ सर्व रेणू आधीच भाररहित असतात. शिवाय ते गिळले तरी आतड्यातून जवळपास पूर्ण शोषले जाते आणि पहिल्या फेरीत यकृत त्याला फारसा हात लावत नाही.